मुक्काम पोस्ट ओसाका

परगावी निघालं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, "उतरणार कुठे?" या 'उतरणे' शब्दाची गंमत अशी की त्याचे दोन अर्थ होतात. गाडीतून उतरणं हा एक आणि मुक्काम करणं हा दुसरा. आपल्याकडे हे दोन अर्थ वेगवेगळे चालतात. पुण्यात गाडीतून शिवाजीनगरला उतरायचं आणि मुक्कामाला मावशीकडे कोथरूडला जायचं. मधलं अंतर रिक्षावाला बघून घेतो. जपानच्या मोठ्या शहरात मात्र दोन्ही अर्थ एकच होऊन बसतात. ज्या स्टेशनावर तुम्ही रोज गाडीतून उतरणार, तेच तुमचं खरं मुक्कामाचं ठिकाण. हॉटेलचं नाव, खोलीचा फोटो, नाश्ता हे सगळं नंतर.

आपल्यापैकी बरेच जण पुढेमागे इंटर्नशिपला, कॉन्फरन्सला किंवा कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला जातील. तिथे पोचल्यावर चार-पाच मोकळे दिवस मिळाले तर क्योतो, नारा, कोबे, हिमेजी बघावंसं वाटणारच. या सगळ्यांच्या मधोमध आहे ओसाका. म्हणून या लेखासाठी मी ओसाकाच घेतलं आहे. आणि प्रश्न फक्त सोयीचा नाही. मुक्कामाची जागा चुकली तर पैसे जातात, झोप जाते, आणि रात्री बाराला शेवटची गाडी चुकली तर बँकेतून काढलेल्या येनची कशी वाट लागते ते टॅक्सीचं मीटर समजावून सांगतं!

दोन टोकांचं शहर

ओसाकाचा नकाशा पहिल्यांदा बघितला की इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या शीटसारखी अवस्था होते. रेघाच रेघा, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. पण दोन शब्द लक्षात ठेवले तर अर्धं काम होतं. एक 'कीता' म्हणजे उत्तर आणि दुसरा 'मिनामी' म्हणजे दक्षिण. ओसाकाचे लोक आपल्या शहराच्या दोन गजबजलेल्या भागांना याच नावांनी ओळखतात. कीता म्हणजे उमेदा आणि त्याच्या आसपासचा भाग, मिनामी म्हणजे नाम्बा, दोतोम्बोरी आणि शिनसाइबाशी. दोघांमधलं अंतर साधारण 4 किलोमीटर. बाकी सगळे भाग या दोन टोकांच्या हिशोबात समजून घ्यायचे.

दुसरी सोय रस्त्यांची. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ता असतो तो चौकोनी गाळ्यांच्या नंबरांचा. ओसाकाच्या मध्यभागात मात्र मोठ्या रस्त्यांना नावं आहेत आणि त्यांत एक सरळ नियम आहे. उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता म्हणजे 'सुजी' आणि पूर्व-पश्चिम जाणारा म्हणजे 'दोरी'. मिदोसुजी, साकाइसुजी, तानिमाचीसुजी या उभ्या रेघा. होम्माची-दोरी, नागाहोरी-दोरी, चुओ-ओदोरी या आडव्या. म्हणजे चक्क एक्स अॅक्सिस आणि वाय अॅक्सिस! हॉटेलच्या पत्त्याशेजारी कोणती सुजी आणि कोणती दोरी आहे हे कळलं, की तुमचा पॉइंट ग्राफवर प्लॉट झाला.

लाल रेघ

या सगळ्या रेघांमधली सर्वांत महत्त्वाची रेघ मेट्रोच्या नकाशात लाल रंगाने दाखवतात. ती मिदोसुजी लाइन. शिन-ओसाका, उमेदा, योदोयाबाशी, होम्माची, शिनसाइबाशी, नाम्बा, दोबुत्सुएन-माए, तेन्नोजी ही नावं तिच्यावर वरून खाली याच क्रमाने येतात. उमेदा ते नाम्बा फक्त 4 स्टेशनं, म्हणजे दहा मिनिटांच्या आत.

या लाइनची गोष्ट आपल्या सिव्हिलच्या मित्रांनी तरी ऐकायलाच हवी. 1920 च्या दशकात मिदोसुजी हा जेमतेम 6 मीटर रुंदीचा रस्ता होता. हाजिमे सेकी हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक 1923 साली ओसाकाचे महापौर झाले. त्यांनी ठरवलं की हा रस्ता 44 मीटर रुंद करायचा आणि त्याच्याच पोटातून भुयारी रेल्वे न्यायची. लोकांना ही योजना अचाट वाटली. पण 1933 साली उमेदा ते शिनसाइबाशी मेट्रो सुरू झाली. गाडीला डबा होता फक्त एक! फलाट मात्र पुढे येणाऱ्या लांब गाड्यांचा विचार करून बांधले होते. आज त्याच लाइनवर 10 डब्यांच्या गाड्या धावतात. रस्ता पूर्ण झाला 1937 साली. तो बघायला सेकी नव्हते, 1935 साली पदावर असतानाच ते वारले. एका डब्याच्या गाडीसाठी लांबलचक फलाट बांधणाऱ्या माणसामुळे आज तुमच्या-माझ्यासारख्याचा मुक्कामाचा प्रश्न सोपा होतो. कारण पहिला नियमच हा, की पहिल्या खेपेला शक्यतो लाल रेघेवर उतरा, किंवा तिच्यापासून पायी पाच-सात मिनिटांच्या आत.

मैत्रिणींसाठी आणखी एक माहिती. मिदोसुजी लाइनवर कामाच्या दिवशी दिवसभर एक डबा महिलांसाठी राखीव असतो. मुंबईच्या लेडीज डब्याची सवय असलेल्यांना तिथे परकं वाटणार नाही.

लाल रेघेच्या जोडीला आहे जेआर कंपनीची ओसाका लूप लाइन. 21.7 किलोमीटरचं वर्तुळ, 19 स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण 40 मिनिटं. ही लाइन ओसाका स्टेशन म्हणजे उमेदा, ओसाका किल्ल्याजवळचं ओसाकाजो-कोएन, तेन्नोजी आणि शिन-इमामिया यांना जोडते. युनिव्हर्सल स्टुडिओला जायचं तर तिच्यावरच्या निशिकुजोला गाडी बदलायची. पण एक गोम आहे, आणि पुष्कळ लोक तिथे फसतात. नाम्बा या वर्तुळावर नाही! 'लूप लाइनजवळ राहिलो की सगळं जवळ' हा समज नाम्बाच्या बाबतीत खोटा ठरतो.

उमेदा : सात स्टेशनं, एक जागा

आता भाग एकेक करून बघू. उमेदा म्हणजे ओसाकाचं दादर म्हणा ना. पण दादरला दोन रेल्वे भेटतात, इथे किती कंपन्या भेटतात ते मोजायला बोटं लागतात. जेआरचं स्टेशन 'ओसाका', मेट्रोची तीन म्हणजे 'उमेदा', 'हिगाशी-उमेदा' आणि 'निशि-उमेदा', हान्क्यु आणि हानशिन या खासगी रेल्वेंची आपापली 'ओसाका-उमेदा', आणि शिवाय जेआरचंच 'कीताशिंची'. नावं वेगळी, जागा एकच. सगळी जमिनीखालच्या बाजाराने एकमेकांना जोडलेली आहेत. तिथे पहिल्या दिवशी हरवणं हा रिवाजच आहे असं समजा.

उमेदा कोणासाठी? ज्यांना रोज वेगळ्या गावाला जायचं आहे त्यांच्यासाठी. जेआरच्या जलद गाडीने क्योतो अर्ध्या तासावर आणि हिमेजी तासाभरावर. कोबेला हान्क्यु किंवा हानशिनने अर्धा तास. 2023 च्या मार्चपासून विमानतळावरून येणारी हारुका एक्सप्रेसही ओसाका स्टेशनला थांबते. त्याआधी ती इथून न थांबता सरळ पुढे जायची.

तोटा दोन बाबतींत. एक, भाडं चढं. दोन, 'स्टेशनपासून 5 मिनिटं' ही जाहिरात. सातांपैकी कोणत्या स्टेशनपासून? जेआरमधून उतरून बॅग ओढत तुम्ही निशि-उमेदाजवळच्या हॉटेलला निघालात, तर ती 5 मिनिटं कधीच संपलेली असतात. म्हणून स्टेशनाचं नाव पुरत नाही, एक्झिटचा नंबर लागतो. लिफ्ट सगळ्याच एक्झिटला नसते हेही तपासून घ्या.

जाता जाता, जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल 1979 साली याच उमेदा भागात उघडलं. आर्किटेक्ट किशो कुरोकावा. माणसाला झोपायला किती घन मीटर जागा लागते, याचं उत्तर इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या कोणी दिलं नसेल. कॅप्सूलला दाराऐवजी पडदा असतो, कुलूप नसतं, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त पुरुषांना प्रवेश असतो. बुक करण्याआधी हे बघा.

नाम्बा : रात्री जागणारा भाग

ओसाकाचे जे फोटो आपण बघतो, म्हणजे हात वर करून धावणारा ग्लिकोचा माणूस, कालव्यात पडलेले निऑनचे रंग, ते सगळे इथले. दोतोम्बोरीचा कालवा 1615 सालचा आहे, आणि ग्लिकोची पहिली पाटी 1935 साली लागली. संध्याकाळी खाणं, फिरणं, गर्दी बघणं हा तुमचा मुख्य बेत असेल तर नाम्बासारखी जागा नाही. शेवटच्या गाडीची चिंता नाही, पायी घरी!

इथेही एकाच नावाची बरीच स्टेशनं आहेत. मेट्रोचं नाम्बा, नानकाइ रेल्वेचं नाम्बा, किंतेत्सु आणि हानशिन जिथे भेटतात ते ओसाका-नाम्बा, आणि थोडं बाजूला जेआर नाम्बा. नानकाइच्या गाडीने विमानतळावरून पाऊण तासात थेट येता येतं. नाराला जायचं तर किंतेत्सुने साधारण 40 मिनिटं, आणि किंतेत्सुचं नारा स्टेशन हरणांच्या बागेला जेआरपेक्षा जवळ पडतं.

तोटा म्हणजे आवाज. कालव्याच्या दोन गल्ल्यांच्या आत हॉटेल घेतलं तर रात्री दोनपर्यंत गॅदरिंग चालू आहे असंच वाटेल. त्याच भाड्यात थोडं पश्चिमेला किंवा दक्षिणेला सरकलं की झोप मिळते.

होम्माची : रविवारी सुनं होणारा भाग

उमेदा आणि नाम्बा यांच्या मध्ये लाल रेघेवर होम्माची आहे. ट्रॅव्हल पुस्तकांत याला फार जागा नसते, कारण बघायला काही विशेष नाही. ऑफिसं, ऑफिसं आणि ऑफिसं. पण राहायला? मिदोसुजी, चुओ आणि योत्सुबाशी अशा तीन मेट्रो लाइन इथे भेटतात. उमेदा दोन स्टेशनं वर, नाम्बा दोन स्टेशनं खाली. बिझनेस हॉटेलं भरपूर, आणि कामासाठी येणारे लोक शनिवार-रविवारी नसल्यामुळे तेव्हा भाडं उतरलेलं सापडण्याची शक्यता असते. रात्री शांतता. ज्यांना दोन्ही टोकं हवी आहेत पण दोन्हीकडचा गोंगाट नको, त्यांनी इथे बघावं. उणीव एवढीच, की रविवारी संध्याकाळी जेवायला जागा शोधावी लागते.

या भागाला सेम्बा म्हणतात, ही जुनी व्यापारी पेठ. कापडाचा घाऊक बाजार इथलाच. आणि इथे आपला एक धागा खरोखर जोडलेला आहे. 1893 साली जमशेटजी टाटा आणि निप्पोन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी जहाजांची फेरी सुरू केली. तिच्यातून मुंबईचा कापूस जायचा, आणि तो जायचा मुख्यतः ओसाकाच्या सूतगिरण्यांसाठी. सव्वाशे वर्षांपूर्वी आपला कापूस जिथे उतरत होता तिथे आज आपण उतरायचं, असं म्हणायला हरकत नाही.

तेन्नोजी आणि शिन-ओसाका

तेन्नोजी हे लाल रेघ आणि लूप लाइन दोन्हींवर असलेलं दक्षिणेचं स्टेशन. विमानतळावरून येणाऱ्या हारुकाचा शहरातला पहिला थांबा. 300 मीटर उंचीची आबेनो हारुकास ही 2014 साली उघडलेली इमारत स्टेशनच्या डोक्यावरच आहे, आणि 593 साली स्थापन झालेलं शितेन्नोजी मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर. उमेदा-नाम्बाच्या मानाने गर्दी कमी, कुटुंबाला बरं. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हे स्टेशन यादीत ठेवाच.

शिन-ओसाका म्हणजे शिनकान्सेनचं स्टेशन. 1964 साली बुलेट ट्रेन सुरू झाली तेव्हा तिला जुन्या ओसाका स्टेशनात आणायचं, तर योदो नदी दोनदा ओलांडावी लागली असती. त्यापेक्षा नदीच्या उत्तरेला नवं स्टेशन बांधलं. 'शिन' म्हणजे नवं. रात्री उशिरा पोचून सकाळी तोक्योला किंवा हिरोशिमाला निघायचं असेल तर इथला एक रात्रीचा मुक्काम शहाणपणाचा. पण चार दिवस राहायला नको. संध्याकाळी सातनंतर तिथे करायचं काय, हा प्रश्न पडतो.

नकाशातला सगळ्यात स्वस्त ठिपका

आता खरा प्रश्न. हॉटेलांची यादी भाड्याप्रमाणे लावली की वर एकच नाव येत राहतं. शिन-इमामिया. आता नेटवर्कच्या नजरेने या स्टेशनाकडे बघा. लूप लाइन आहे. विमानतळाहून येणारी जेआरची गाडी थांबते. नानकाइची विमानतळ गाडी पण थांबते. मेट्रोचं दोबुत्सुएन-माए स्टेशन शेजारीच, त्यात लाल रेघ आहे आणि साकाइसुजी लाइनही आहे. नाम्बा दोन स्टेशनं, तेन्नोजी एक. ग्राफ थिअरीच्या भाषेत या नोडची डिग्री हेवा वाटावा अशी आहे. मग असा नोड सर्वांत स्वस्त कसा? आपल्याला शिकवलंय की जागेचा भाव म्हणजे 'लोकेशन'. इथे लोकेशन पहिल्या नंबरचं, आणि भाव शेवटच्या नंबरचा!

याचं उत्तर रुळांच्या दक्षिणेला आहे. निशिनारी वॉर्डातला हा तुकडा एक चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे. लोक त्याला कामागासाकी म्हणतात, पण आजच्या अधिकृत नकाशात हे नाव सापडत नाही. 1966 साली सरकारने त्याला 'आइरिन' असं नवं नाव दिलं. त्यातल्या दोन अक्षरांचे अर्थ प्रेम आणि शेजारी. इतकं गोड नाव देण्याची गरज का पडली? कारण 1961 च्या ऑगस्टमध्ये इथे मोठी दंगल झाली होती, आणि तिच्या बातम्यांमुळे जुनं नाव बदनाम झालं होतं.

इथे राहत होते नाका कामगार. आपल्याकडे सकाळी नाक्यावर हत्यारं घेऊन उभे असतात ना, तसेच. पहाटे मुकादमाची गाडी यायची, माणसं मोजून घेऊन जायची, संध्याकाळी रोजंदारी हातात. 1970 साली ओसाकाजवळ सुइता इथे जागतिक प्रदर्शन भरलं, एक्स्पो 70. सहा महिन्यांत 6 कोटींहून जास्त लोकांनी ते बघितलं. त्याचे मंडप, त्याचे रस्ते, त्या काळातले पूल आणि इमारती बांधायला जपानभरातून माणसं आली, आणि त्यांतली पुष्कळ इथे राहिली. राहायची ती तीन तातामींच्या खोलीत, म्हणजे साधारण 5 चौरस मीटर. या स्वस्त खोल्यांना नाव पडलं 'दोया'. जपानीत उतारूंच्या जागेला 'यादो' म्हणतात. तोच शब्द उलटा करून बघा. या-दो, दो-या. राहणाऱ्यांनीच केलेला विनोद म्हणायचा की टोमणा, ते ज्याने त्याने ठरवावं.

1990 नंतर जपानची अर्थव्यवस्था बसली, बांधकामं थंडावली, आणि ही माणसं म्हातारी झाली. मुकादमाच्या गाडीला तरुण माणूस हवा असतो. काही दोयांत आता सरकारी मदतीवर जगणारे वृद्ध राहतात. काही दोयांना रंग लावून, वाय-फाय बसवून प्रवाशांसाठी स्वस्त हॉटेलं केली. कामगारांचं जे मोठं केंद्र होतं ते 2019 साली बंद झालं. आणि 2022 च्या एप्रिलमध्ये रुळांच्या उत्तरेला, स्टेशनसमोरच, एक मोठं पर्यटक हॉटेल उघडलं. म्हणजे आज एकाच स्टेशनच्या एका बाजूला हिरवळ असलेलं नवं हॉटेल, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी हे शहर बांधलं ते लोक.

मग तिथे राहावं की नाही? माझं मत सांगते. स्वस्त आहे म्हणून घाबरून पळू नये आणि स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून घेऊही नये. 'तिकडे जाऊ नका' असं अनेक जण सांगतील, खुद्द ओसाकाचे लोकही सांगतील. त्यात थोडा भाग काळजीचा आणि बराच भाग जुन्या नावाचा असतो. दिवसा तिथे तुम्हाला दिसतील ते सायकलवरचे आणि बाकावर बसलेले म्हातारे. रात्री उशिरा काही गल्ल्या सुन्या असतात, दारू प्यालेली माणसं भेटू शकतात. मुलींनी एकटीने राहायचं तर रुळांच्या उत्तरेची बाजू किंवा थेट तेन्नोजी जास्त बरी. दोन-तीन मित्र मिळून असाल आणि मुख्य रस्त्यावरचं, रात्री काउंटरवर माणूस असलेलं हॉटेल मिळालं तर बजेटला याहून चांगला नोड नाही. उत्तरेला चालत गेलं की शिनसेकाई लागतं, तिथला त्सुतेनकाकु मनोरा पहिला 1912 सालचा, आत्ताचा 1956 सालचा.

एक अट मात्र पाळावी. तिथल्या माणसांचे फोटो काढू नयेत. तो त्यांचा राहता मोहल्ला आहे, एक्झिबिट नाही. आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमधून कोणी परका कॅमेरा घेऊन फिरला तर आपण काय म्हणू?

आता हिशोब

हे सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर सोपी रीत सांगते. कागदावर प्रत्येक दिवसाचं मुख्य ठिकाण लिहा, त्यापुढे तिथे जाणाऱ्या रेल्वेचं नाव. क्योतो, कोबे, हिमेजी जास्त आले तर उमेदा. नारा आणि संध्याकाळचं फिरणं जास्त आलं तर नाम्बा. मिसळ असेल तर होम्माची. पहाटेचं विमान किंवा घरची मोठी माणसं असतील तर तेन्नोजी. पैशाची खरंच ओढाताण असेल तर शिन-इमामिया, वरच्या अटींसह.

मग भाड्यात तीन गोष्टी मिळवा. पहिली, तिकीट. जेआर, मेट्रो, नानकाइ, हान्क्यु या वेगवेगळ्या कंपन्या आहेत. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत गाडी बदलली की साधारणपणे तिकीट नव्याने सुरू होतं. मेट्रोचं कमीत कमी तिकीट 190 येन. समजा एक हॉटेल रोज 1,000 येनने स्वस्त आहे, पण रोज जाता-येता एक मेट्रोचा तुकडा जास्त पडतो. 380 येन तिथेच गेले, बचत उरली 620. दुसरी, वेळ. जाऊन-येऊन पाऊण तास जास्त लागत असेल तर पाच दिवसांत पावणेचार तास होतात, म्हणजे नाराची अख्खी दुपार. तिसरी, रात्र. बहुतेक लाइनची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास असते आणि पहिली पहाटे पाचच्या आसपास. मधल्या वेळात टॅक्सी, आणि तिला रात्रीचा जादा आकार. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणार असाल तर जिथे रात्र काढायची आहे त्याच टोकाला राहा.

शाकाहारी मंडळींसाठी चौथी गोष्ट, स्वयंपाकघर. जपानी रश्श्याचा पाया असतो 'दाशी', आणि त्यात बहुधा सुकवलेला मासा असतो. वरून भाजी दिसली तरी आत मासा असू शकतो. म्हणून छोटं का होईना स्वयंपाकघर असलेलं गेस्ट हाउस आणि जवळ सुपरमार्केट हे नाश्त्यापेक्षा मोलाचं. जैन मित्रांना सांगायला हवं की कोबेच्या कितानो भागात 1985 साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे. तिथे भारतीय व्यापारी कुटुंबांची वस्ती जुनी आहे.

किरकोळ पण कामाचं. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनला मिळते, बॅग मात्र आधी ठेवून घेतात. पासपोर्टची कॉपी काढून घेतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बिझनेस हॉटेलची खोली आपल्या होस्टेलच्या खोलीएवढी निघाली तर नशीबवान समजा. आणि हॉटेल ठरलं की दोनच गोष्टी पाठ करा, स्टेशनाचं पूर्ण नाव आणि एक्झिटचा नंबर. 'उमेदा' आणि 'हिगाशी-उमेदा' यांत सकाळी फरक वाटत नाही, रात्री साडेअकराला बॅगेसकट फार वाटतो.

शेवटी काय, शहराचा नकाशा हा फक्त अंतरांचा नसतो. कोणती जागा महाग आणि कोणती स्वस्त, हे ठरतं रेल्वेने, नदीने, एखाद्या महापौराच्या हट्टाने आणि कधी कधी निव्वळ नावाने. हे माहीत असलं की आपण यादीतला पहिला ठिपका दाबत नाही, विचार करून स्टेशन निवडतो. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, जपानचा व्हिसा हातात पडला की घरून प्रश्न येईलच, "उतरणार कुठे?" उत्तर देताना आधी लाइन सांगा, मग स्टेशन, मग एक्झिट. हॉटेलचं नाव विचारलं तरच सांगा!